स्प्रिंगमधला थेंब

पत्र्याच्या एका लांबट डब्यात दोन बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या आहेत. डब्याला टिचकी मारली की स्पीकरमधून ढग गडगडतात. गिटारची तार तळहाताने दाबून जोरात छेडली, तर मात्र पाण्यात थेंब पडावा तसा 'टिव्' असा ओला आवाज येतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत तो पहिल्यांदा आला, तेव्हा मी तीच एक तार अर्धा तास छेडत बसलो होतो.

सर्फ संगीताची ओळख म्हणजे हाच थेंब. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, फळीवर उभं राहून लाटा कापणाऱ्या पोरांमध्ये हे संगीत वाढलं. डिक डेल हा त्यातला मोठा वादक. त्याच्या वडिलांचं घराणं लेबनॉनचं, आणि १९६२मध्ये त्याने गाजवलेली 'मिसिरलू' ही पूर्व भूमध्य भागातली जुनी धून. आपल्या कानाला ती परकी वाटत नाही, कारण तिचे स्वर भैरव थाटाचे आहेत: रे आणि ध कोमल.

गिटार आणि ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९६१मध्ये स्प्रिंगांची वेगळी रिव्हर्ब, म्हणजे घुमारीची, पेटी बाजारात आणली. कल्पना त्याहून जुनी. टेलिफोनच्या लांब तारांमधला विलंब प्रयोगशाळेत निर्माण करायला आधी स्प्रिंगा वापरल्या गेल्या, मग घरात वाजणाऱ्या हॅमंड ऑर्गनला सभागृहाची घुमारी देण्यासाठी. स्प्रिंगच्या एका टोकाला इवलंसं चुंबक आणि त्याच्याभोवती कॉइल असते. गिटारचा विद्युत संकेत कॉइलमध्ये गेला की चुंबक हलतं, थरथर स्प्रिंगमधून धावते आणि दुसऱ्या टोकाची कॉइल तिचा पुन्हा संकेत करते. थरथर टोकांवर आपटून मागे-पुढे फिरत राहते, म्हणून घुमारी लांबते.

पण थेंब कुठून येतो? हवेत खर्ज आणि तार दोन्ही स्वर एकाच वेगाने जातात. म्हणून गल्लीच्या टोकाला वाजलेली टाळी आपल्यापर्यंत टाळी म्हणूनच पोचते. स्प्रिंगमध्ये तसं होत नाही. ऐकू येणाऱ्या स्वरांच्या मोठ्या पट्ट्यात खालचे स्वर आधी पोचतात, वरचे मागून. दाबून छेडलेल्या तारेच्या 'टक्'मध्ये सगळे स्वर एकदम असतात. स्प्रिंग त्यांना ओळीने उभं करते आणि 'टक्'चा खालून वर सरकणारा 'टिव्' होतो. मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

स्प्रिंग हलवायला ताकद लागते. फेंडरच्या त्या पेटीत त्यासाठी एक अख्खा पॉवर व्हॉल्व्ह होता. थेंब इतका ठसठशीत पडायचा त्याचं हेही एक कारण. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत ६.३ व्होल्टवर फिलामेंट तापतं, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि २५० व्होल्टच्या प्लेटकडे धावतात. वाटेत ग्रिड नावाची जाळी असते. खडकवासल्याचा दरवाजा जरासा वर-खाली केला की मुठेचं पाणी केवढं बदलतं! जोर धरणातल्या पाण्याचा, इशारा दरवाजाचा. ग्रिडवरचा गिटारचा क्षीण संकेत हाच तो इशारा.

मी घरी जोडलेल्या ॲम्पमधला ईएल८४ व्हॉल्व्ह जुन्या बाजारातल्या एका बंद रेडिओतून काढलेला, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या छापाचा. त्याला समोर सुमारे ५,२०० ओहमचा भार, म्हणजे विजेला होणारा विरोध, लागतो आणि स्पीकर तर ८ ओहमचा. या दोघांची गाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालून देतो. भारांचं गुणोत्तर ६५०, ट्रान्सफॉर्मरच्या तारेच्या वेढ्यांचं त्याचं वर्गमूळ, म्हणजे साधारण २५ला १. पॉवर ट्रान्सफॉर्मरही इथेच गुंडाळून घेतला. अमेरिकेतला वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. वारंवारता कमी म्हणून गाभ्याला लोखंड जास्त लागतं, नाहीतर तो तापतो.

कुणी करायला घेणार असेल तर एक गोष्ट जिवाची आहे. स्विच बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट टिकून राहतात. ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला २२० किलोओहमचा रेझिस्टर समांतर कायमचा जोडा. मिनिटभरात व्होल्टेज साधारण एका व्होल्टवर येतं. तरीही मीटर लावून पाहिल्याशिवाय आत हात घालू नका, आणि पहिल्यांदा वीज देताना कुणी जाणकार शेजारी असू द्या.

सगळं जोडलं आणि गिटारऐवजी घरघर ऐकू आली. दोन संध्याकाळी सोल्डरचे सांधे तपासण्यात गेल्या. शेवटी चालू ॲम्पशेजारचा स्प्रिंगांचा डबा सहज उचलून फिरवला, तर घरघर कमी-जास्त होऊ लागली. स्प्रिंगेकडून परत येणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र थेट त्या कॉइलमध्ये शिरत होतं. डबा पेटीच्या दुसऱ्या टोकाला आडवा बसवला आणि खोली शांत झाली.

एक उणीव राहिली आहे. सर्फला आवाज मोठा आणि तरीही स्वच्छ लागतो. एकट्या ईएल८४कडून सुमारे ५ वॅट मिळतात, आणि जोरात छेडलं की स्वर फाटतो. दोन ईएल८४ पुश-पुल, म्हणजे संकेताचा अर्धा-अर्धा भाग आळीपाळीने सांभाळतील असे, जोडले तर साधारण १५ वॅट मिळतील. त्याचा ट्रान्सफॉर्मर गेल्या आठवड्यात तपकीर गल्लीत गुंडाळायला टाकला आहे.