शेवटच्या पाच सेंटिमीटरचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ गावाच्या अलीकडे डांबर सोडून आम्ही पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागलो, तेव्हा मित्राची जीप मजेत चालली होती. स्प्रिंग नव्या, शॉकअप नवे, गाडी दोन इंच उचललेली. पहिलाच मोठा खड्डा तिनं अलगद गिळला. मग पाच-सात मिनिटं बैलगाड्यांनी पाडलेल्या खडबडीवरून नुसती धडधड, आणि मागून ‘ठाण्’! तेही चार बोटं खोल खळग्यात. परतल्यावर एका गॅरेजवाल्यानं निदान केलं, “शॉकअप नरम आहेत, कडक करून घ्या.” कडक करून घेतले. आवाज वाढला.

नाशिकमध्ये गाड्यांचं वेड हवेतच आहे. 2002 सालची स्कॉर्पिओ इथलीच, 2020 ची नवी थारही इथलीच. त्यामुळे सस्पेन्शनवर मत नसलेला माणूस कॉलेज रोडला सापडणं अवघड. पण ‘कडक’ आणि ‘नरम’ या दोन शब्दांत ते मत संपतं, आणि घोटाळा तिथंच आहे.

स्प्रिंग म्हणजे उधारीचं खातं. खड्ड्यात जेवढी ऊर्जा घेतली, तेवढी जवळजवळ सगळी ती परत करते. शॉकअप ती खर्चून टाकतो, तेल गरम करून. लांबच्या खडबडीत रस्त्यानंतर शॉकअपला हात लावून बघा, म्हणजे खर्च कुठे झाला ते कळेल. (जपून, चटका बसतो.) आणि या दोघांनाही जे झेपलं नाही, ते सगळ्यात शेवटी बंप स्टॉपच्या, म्हणजे चेसिसखालच्या (गाडीच्या सांगाड्याखालच्या) त्या रबरी ठोकळ्याच्या अंगावर येतं.

आता व्हॉल्व्हिंग. शॉकअपच्या नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या, दट्ट्याला भोकं. समजा वाटेत 10 सेंटिमीटर उंचीचा काळा धोंडा आहे आणि त्याचा चढ अर्धा मीटर लांब. ताशी 3.6 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला 1 मीटर गेलात, तर चाक सरासरी सेकंदाला 0.2 मीटर वेगानं वर जातं. तोच धोंडा ताशी 36 नं घेतला, तर 2 मीटर वेगानं. वेग दहापट झाला. पण नुसत्या भोकातून तेल जोरात ढकलायचं तर विरोध साधारण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे शंभरपट! असा शॉकअप सावकाश चालवताना लोण्यासारखा आणि वेगात पहारीसारखा वागेल.

म्हणून भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चवड बसवतात. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि तेलाला जास्त वाट देतात. किती जाडीच्या, किती व्यासाच्या, किती चकत्या, हेच व्हॉल्व्हिंग. वळणावर गाडी कलणं, ब्रेकला नाक खाली जाणं या संथ हालचाली बारीक भोकं सांभाळतात. धोंड्यांचे तडाखे चवडीच्या वाट्याला येतात. गाडी घाटात डोलते म्हणून सगळंच कडक केलं, की धोंड्यांवर दात वाजलेच.

शिवाय दट्ट्या दोन दिशांनी फिरतो. चाक वर येतानाचा विरोध वेगळा, खाली जातानाचा वेगळा. खाली जाताना, म्हणजे उसळीत, तो बहुधा जास्त ठेवतात, कारण दाबलेली स्प्रिंग तेव्हा उधारी फेडत असते. पण तो फार झाला, तर चाकाला पुढच्या खळग्याआधी पूर्ण खाली यायला वेळच मिळत नाही. प्रत्येक दणक्याला गाडी थोडी खाली बसते, पुढच्याला आणखी थोडी, आणि अखेर बंप स्टॉपवरच टेकून चालू लागते. मित्राच्या जीपचं दुखणं हेच होतं. एकेकटा मोठा खड्डा ती सहज घ्यायची, खडबडीच्या माळेत मात्र बसायची. आणि गॅरेजवाल्यानं शॉकअप दोन्ही दिशांना कडक केले होते.

तरी शेवटचा ठोकळा लागतोच. गाडीच्या एका कोपऱ्यावर 500 किलो भार धरू. चाक वर येताना स्प्रिंग आणि शॉकअपला पुरून सेकंदाला 1 मीटर वेग उरला, तर 250 ज्यूल ऊर्जा थांबवायची आहे. 1 सेंटिमीटरमध्ये थांबवलीत तर सरासरी 25,000 न्यूटन बल, म्हणजे जवळपास अडीच टन वजन चेसिसच्या एका जागेवर. 5 सेंटिमीटरमध्ये थांबवलीत तर तेच अर्ध्या टनावर येतं. झेल घेताना हात मागे नेतो, तसंच.

भरीव रबराची अडचण अशी, की ते दबलं तरी त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. ते बाजूला फुगतं, आणि फुगायला जागा नसली तर दगड होतं. सूक्ष्म बुडबुडे असलेलं पॉलियुरेथेन मात्र स्वतःतच दबत जातं. आधी हलकं, मग हळूहळू घट्ट. म्हणून त्याचा ठोकळा जास्त लांब ठेवता येतो आणि लवकर टेकला तरी धक्का देत नाही. पण तेही स्प्रिंगच आहे, उधारी परत करणारंच. ती उसळी पुन्हा शॉकअपलाच आवरायची असते, म्हणून ठोकळा बदलला की उसळीकडचं व्हॉल्व्हिंग पुन्हा बघावं लागतं. हायड्रॉलिक बंप स्टॉप ऊर्जा तेलातच जिरवतो, परत फेकत नाही. महाग असतो, आणि शनिवारी अंजनेरीच्या पायथ्याशी जाणाऱ्याला त्याची गरज नाही, असं माझं मत.

गाडी उचलणाऱ्यांची खरी चूक वेगळीच असते. लांब शॉकअप पूर्ण दबल्यावरही जुन्यापेक्षा लांब राहतो. ठोकळा जुन्याच उंचीचा ठेवला, तर तो टेकण्याआधी शॉकअपचा दट्ट्या तळाला आपटतो आणि सगळा मार त्याच्या माउंटिंगवर बसतो. तपासायचं तर स्प्रिंग काढा, जॅकनं ॲक्सल (चाकांचा आस) ठोकळ्याला टेकेपर्यंत उचला आणि शॉकअपच्या दट्ट्याचा दांडा नळीबाहेर अजून किती उरलाय ते मोजा. त्यात ठोकळा दबेल तेवढी जागाही धरा. टायर मडगार्डला घासतो का, तेही तेव्हाच दिसतं.

मित्राच्या जीपला आम्ही अर्ध्या दिवसात हेच केलं. दांडा जेमतेम बोटभर उरत होता, म्हणून ठोकळा आणि चेसिसच्या मध्ये 3 सेंटिमीटरचा स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारा तुकडा, घातला. वर येतानाचं व्हॉल्व्हिंग मूळ जागी आणलं, उसळीकडचं मुळापेक्षाही सैल केलं. मग ठोकळा जिथं टेकतो तिथं ॲक्सलवर शाडूचा गोळा चिकटवला, गणपतीतला घरी उरलेलाच, आणि पुन्हा पेठची वाट धरली. खडबड संपल्यावर वाकून पाहिलं तर गोळा जसाच्या तसा. पुढे ओहोळ उतरताना एकदा ‘धप्प’ झालं, मऊ. गोळ्यावर ठोकळ्याचा ठसा होता, साधारण दोन सेंटिमीटर खोल.