नाव रिझर्व्हच्या यादीत, पण ऑर्डर्स नाहीत: मग टॅक्स कुठे भरायचा?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत टॅक्सचा मोसम आला की हा घोळ ठरलेला. मुलगा चार वर्षं आर्मीत होता, आता साधी नोकरी करतो. पण एकूण आठ वर्षांची बांधिलकी संपेपर्यंत त्याचं नाव इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्हच्या, म्हणजे आयआरआरच्या यादीत राहतं: रोजची सेवा नाही, पण गरज पडली तर सैन्य परत बोलावू शकतं. मग कुणीतरी काका सांगतात, "तू अजून मिलिटरीतच आहेस, सवलती घे की!"

ड्रिलला, म्हणजे ठरलेल्या लष्करी सरावाला, जाणारा रिझर्व्हिस्ट (राखीव दलातला सैनिक) सगळ्यांना माहीत असतो: महिन्याचा एक वीकेंड, वर्षाला साधारण दोन आठवडे ट्रेनिंग. त्या वीकेंडच्या ड्रिलला सरकारी कागदांत 'इनॅक्टिव्ह ड्यूटी' म्हणतात, म्हणून तो पगार करमुक्त असं कुणी कुठून काढलं, देव जाणे. वर्षभराच्या पगाराचा दाखला, म्हणजे डब्ल्यू-२ येतो, रिटर्नमध्ये दाखवायचा, विषय संपला. आयआरआरवाल्याला सहसा ड्रिलही नाही आणि पगारही नाही. त्याचं फेडरल रिटर्न शेजाऱ्यासारखंच. घरापासून १०० मैलांपलीकडे ड्रिलला जाऊन रात्री राहावं लागलं, तर रिझर्व्हिस्टला २१०६ फॉर्मवर प्रवासखर्चाची वजावट मिळते. जो कुठे जातच नाही, त्याने तो फॉर्म उघडूही नये.

खरा फटका बसतो तो स्टेट टॅक्सला. समजा, मुलगा टेक्ससचा रहिवासी. तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. अॅक्टिव्ह ड्यूटीवर, म्हणजे पूर्णवेळ सेवेत असताना त्याला दुसऱ्या राज्यात पाठवलं, तरी करापुरता तो टेक्ससचाच राहिला आणि त्याच्या लष्करी पगाराला त्या राज्याने हात लावला नाही. हे संरक्षण सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ अॅक्टचं. पण कायदा बघतो तो एवढंच की माणूस तिथे लष्करी ऑर्डर्समुळे राहतोय का. आता हाच मुलगा न्यू जर्सीत नोकरी धरून, घर घेऊन स्थायिक झाला. त्याला तिथे सैन्याने पाठवलेलं नाही, तो आपणहून गेला. आयआरआरच्या यादीत नाव असो वा नसो, न्यू जर्सीचा टॅक्स लागू. खिशातलं टेक्ससचं लायसन्स दाखवून तो टळत नाही. आणि ड्रिलवाल्यांनीही फार खूश होऊ नये: न्यू जर्सीतल्या नागरी नोकरीच्या पगाराला हे कवच त्यांनाही नाही.

टॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अॅक्टिव्ह ड्यूटी मिलिटरी' असा प्रश्न आला, की अभिमानाने 'हो' ठोकणारे मला चांगलेच ठाऊक आहेत. अभिमान जरूर बाळगा, पण वर्षभरात ऑर्डर्स नव्हत्या तर उत्तर 'नाही'.

आयआरआरमधून खरंच बोलावणं आलं, तर चित्र पालटतं. त्या दिवसांचा मूळ पगार करपात्र, घरभाडं आणि जेवणाचे भत्ते करमुक्त. कॉम्बॅट झोनमध्ये महिन्यातला एक दिवस जरी सेवा केली, तरी शिपायाचा त्या पूर्ण महिन्याचा लष्करी पगार फेडरल करातून वगळला जातो. अधिकाऱ्यांना मात्र मर्यादा आहे. बोलावणं १७९ दिवसांहून जास्त किंवा अनिश्चित काळाचं असेल, तर त्या सेवेदरम्यान आयआरएमधून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून, मुदतीआधी काढलेल्या पैशांवरचा १० टक्के दंडही माफ होतो. माफ होतो तो दंड. पारंपरिक आयआरए असेल, तर त्या रकमेवरचा नेहमीचा इन्कम टॅक्स भरावाच लागतो.