गावोगावचा नवखा : ‘नोवाक’ आडनावाची पार्श्वभूमी

‘नोवाक’ म्हटलं की आपल्याकडे लोक टेनिसकडेच वळतात. जोकोविचने हे नाव मराठी घरांत इतकं रुजवलंय की ते मुळात काय आहे, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. सर्बियात ते पाळण्यातलं नाव. तिथून वायव्येला आणि उत्तरेला सरकत गेलं की तेच आडनाव होतं, आणि तेही साधंसुधं नव्हे. पोलंडमध्ये सर्वाधिक लोकांचं आडनाव नोवाक, चेक प्रजासत्ताकात पहिलं नोवाक, स्लोव्हेनियातही पहिलं नोवाकच. पोलंडमध्ये ही मंडळी साधारण २ लाख आहेत, चेक प्रजासत्ताकात बायका-पुरुष मिळून ७० हजारांच्या आसपास आणि जेमतेम २१ लाख वस्तीच्या स्लोव्हेनियात ११ हजारांच्या घरात. म्हणजे तिन्ही देशांत दीडशे-दोनशे माणसं गोळा केली की त्यात एक नोवाक निघायचाच.

अर्थ सोपा आहे आणि आपल्याला ओळखीचाही. स्लाव्ह भाषांतला ‘नोव्ह’ आणि आपला ‘नवा’ हे लांबचे का होईना, पण भाऊबंद. संस्कृत ‘नव’, लॅटिन ‘नोव्हुस’, पोलिश ‘नोवी’ हे सगळे एकाच प्राचीन मुळाचे फाटे. त्याला ‘-आक’ लागला की ‘तसा माणूस’ असा अर्थ होतो. नोवाक म्हणजे नवा माणूस, नवखा, बाहेरून आलेला. चेकमध्ये ‘नोवाचेक’ हा त्याचा लाडका अवतार आजही नव्या भरतीच्या शिपायाला किंवा कामावर नव्याने रुजू झालेल्याला लावतात.

तीन देशांत ज्याच्याइतके लोक दुसऱ्या कुठल्याच आडनावाचे नाहीत, त्या आडनावाचा अर्थ ‘हा इथला नव्हे’ असा आहे. हे उलटं वाटतं खरं, पण त्यातली मेख गावात आहे. वीस-पंचवीस उंबऱ्यांचं गाव धरा. बाप्तिस्म्याची नावं मोजकी असायची, त्यामुळे एकाच गावात तीन-चार ‘यान’. एक यान लोहार, एक यान काळा, एक गिरणीवाला. चौथा डोंगरापलीकडून आलेला. त्याच्याबद्दल गावाला ठाऊक असलेली एकच गोष्ट म्हणजे तो नवा आहे. झालं, तो यान नोवाक. गावात चाळीस वर्षं काढली, नातवंडं तिथल्याच मातीत लोळली, तरी गावाच्या तोंडी ती ‘नव्याचीच’. प्रत्येक गावात लोहार असेलच असं नाही, पण कधी ना कधी कुणीतरी नवा येतोच. शेकडो गावांत एकमेकांचा पत्ता नसताना हे नाव आपापलं जन्मलं. त्यामुळे सगळ्या नोवाकांचा मूळपुरुष, कुळ, गाव असं काही शोधायला जाऊ नये. एका नोवाकाचं दुसऱ्याशी रक्ताचं नातं असण्याची शक्यता दोन कुलकर्ण्यांइतकीच.

आपल्या जुन्या महसुली कागदांत मिरासदार आणि उपरी असा भेद असे. वतनी हक्काची जमीन असलेला मिरासदार. दुसरीकडून येऊन कसणारा तो उपरी. नोवाक हा तिकडचा उपरी म्हणता येईल, फक्त तिकडे त्या शब्दाचं आडनाव झालं.

नवे लोक गावात का येत, याची कारणं ठिकाणागणिक वेगळी. कुठे जंगल तोडून नवी वसाहत झाली, कुठे साथीने गाव ओस पडलं, कुठे जहागीरदाराच्या जाचाला कंटाळून कुळं पळाली आणि दुसऱ्या जहागिरीत जाऊन टेकली. बोहेमियाचं, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागाचं उदाहरण सगळ्यात ठळक आहे. १६१८ ते १६४८ असं तीस वर्षं चाललेलं युद्ध संपलं तेव्हा तिथली सुमारे एक तृतीयांश वस्ती नाहीशी झालेली होती. शेतवाड्या रिकाम्या, छपरं कोसळलेली. जमीनदाराला मात्र सारा आणि वेठ हवीच, तेव्हा मिळेल त्या माणसाला आणून त्या वाडीवर बसवलं गेलं. १६५४ च्या सुमारास करआकारणीसाठी जी मोठी मोजणी झाली, ‘बेर्नी रुला’ म्हणतात तिला, तिच्यात कुठली वाडी पडीक आणि कुठल्या वाडीवर नवा कुळवाडी बसला याच्या नोंदी आहेत. चेकमधल्या आजच्या यादीत नोवाक पहिला आणि नोवोत्नी तिसरा; दोघांच्याही नावात ‘नवा’ आहे. मधे दुसऱ्या क्रमांकावर स्वोबोदा, म्हणजे वेठबिगारीतून मोकळा असलेला शेतकरी. चौथा द्वोर्झाक, जहागिरीच्या वाड्याशी बांधलेला. चार आडनावांत खेड्यातली सगळी उतरंड आली.

त्या काळात आडनाव माणसाला चिकटलेलं नव्हतं, हे इथे लक्षात घ्यावं लागतं. चेक खेड्यांत ‘छपरावरून नाव’ अशी रीत होती. वाडी नोवाकांची म्हणून ओळखली जात असेल आणि तिथल्या मुलीशी लग्न करून कुणी घरजावई आला, तर तो येताना कुणीही असो, त्या छपराखाली तो नोवाक व्हायचा. त्याचा सख्खा भाऊ दुसऱ्या वाडीवर गेला की त्याचं नाव वेगळं. वंशावळ शोधणाऱ्यांची इथे दमछाक होते : बाप एका नावाचा, मुलगा दुसऱ्या, आणि दोन्ही खरी. स्लोव्हेनियात या रितीचा अवशेष अजून जिवंत आहे. जुन्या घराला ‘प्री नोवाकू’ म्हणतात, म्हणजे ‘नोवाकांकडे’. आत राहणाऱ्यांचं कागदोपत्री आडनाव भलतंच असतं.

नाव पक्कं केलं ते शाईने. आधी चर्चने : त्रेंतोच्या धर्मसभेने १५६३ मध्ये लग्नाची वही ठेवणं धर्मगुरूंवर बंधनकारक केलं, आणि बाप्तिस्म्याच्या वह्याही रुळल्या. मग सरकारने. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या राज्यात मारिया तेरेसाच्या काळात, १७७० मध्ये, सैन्यभरतीच्या सोयीसाठी घरांना क्रमांक देण्याचा हुकूम निघाला. पुढच्या दशकात तिचा मुलगा दुसरा जोसेफ याच्या कारकिर्दीत आडनाव स्थिर आणि वंशपरंपरागत असलं पाहिजे असे कायदे झाले. चेक आणि स्लोव्हेन, दोघेही याच राज्यातले, त्यामुळे दोन्हीकडे हे बरोबरच घडलं. ज्या क्षणी कारकुनाने लिहून घेतलं, त्या क्षणी जो ‘नवा’ होता तो कायमचा नवा राहिला.

पोलंडची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या सरदार-उमरावांनी पंधराव्या शतकापासून गावावरून नावं घेतली. तेंचिन गावचा तो तेंचिन्स्की. ही ‘-स्की’ म्हणजे आपला ‘-कर’ समजायला हरकत नाही, फक्त सातारकर व्हायला साताऱ्याची मालकी लागत नाही आणि यांना सुरुवातीला गावाची मालकी लागत असे. शेतकऱ्याच्या मालकीचं गाव कुठून असणार? त्याला टोपणनावच. पुढे ‘-स्की’ची शान पाहून सामान्यांनीही ती लावून घेतली आणि लोहार, म्हणजे ‘कोवाल’, त्याचा कोवाल्स्की झाला. आज पोलंडच्या यादीत तोच दुसरा आहे. नोवाकचाही नोवाकोव्स्की झाला, पण बहुसंख्य नोवाक तसेच राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलंडचे लचके प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी तोडले, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या दप्तरी पद्धतीने ही नावं गोठवली.

नकाशावर पाहिलं तर पोलंडमध्ये नोवाकांची दाटी पश्चिमेला आणि दक्षिणेला आहे : पोझ्नानभोवतीचा विएल्कोपोल्स्का, सायलेशिया, क्राकूवचा परिसर. ईशान्येकडे जावं तसे ते विरळ होत जातात आणि ‘-विच’, ‘-ऊक’ने संपणारी नावं वाढतात. क्रोएशियातही नोवाक भरपूर आहेत, पण ते उत्तरेच्या पट्ट्यात, स्लोव्हेनियाला लागून असलेल्या मेजिमुर्ये आणि झागोर्ये भागांत. स्लोव्हेनियाच्या यादीत तर नोवाकच्या खाली आणखी दोन परके आहेत : दुसरा होर्वात, म्हणजे ‘क्रोएशियाचा’, आणि चौथा क्राइन्त्स, म्हणजे क्राइन (कार्निओला) प्रांताचा. आपल्या प्रांतात आपल्याच प्रांताचं नाव कुणी लावत नाही, त्यामुळे क्राइन्त्स मंडळी सापडतात ती शेजारच्या स्टायरियात. तरीही होर्वात हे क्रोएशियातलं पहिल्या क्रमांकाचं आडनाव आहेच. ते कसं, याची गोष्ट तुर्कांच्या स्वाऱ्यांपासून उत्तरेला पळालेल्या लोकांपर्यंत जाते. ती वेगळी सांगण्याजोगी आहे.

रशियात नोवाक तुरळक. तिथे नोविकोव्ह आहेत, आणि ते ‘नोविक’वरून आले : मॉस्कोच्या राज्यात दरबारी चाकरीत नव्याने दाखल झालेला तरुण सरदारपुत्र. मूळ तेच, पण हा नवा वेशीवरचा नव्हे, दरबारातला.

आणि दक्षिणेला सर्बियात ते पहिलं नाव. तिथल्या लोकगीतांत ‘स्तारिना नोवाक’, म्हणजे म्हातारा नोवाक नावाचा बंडखोर लढवय्या येतो. त्याच्याशी जोडला जाणारा ऐतिहासिक माणूस, रोमानियन लोकांचा ‘बाबा नोवाक’, वालाकियाचा राजा मिहाई विटेआझूलच्या फौजेत तुर्कांशी लढला आणि १६०१ मध्ये क्लुज शहरात त्याला हाल करून मारलं. अशा नोवाकचा मुलगा तो नोवाकोविच, ही तिकडची आडनावाची तऱ्हा. त्यामुळे टेनिसच्या नोवाकाचं आडनाव त्याच्या पहिल्या नावाशी काहीच संबंध ठेवत नाही. ते ‘जोको’ नावाच्या कुणा पूर्वजावरून आलं. खुद्द टेनिसमध्येच दोन्ही प्रकार सापडतात. २००२ मध्ये जगात पाचव्या स्थानापर्यंत पोचलेला चेक खेळाडू यिर्झी नोवाक हा आडनावाचा नोवाक.

प्राहामधल्या, म्हणजे प्रागमधल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या दारावरच्या घंट्यांच्या पाट्या वाचल्या की या आडनावाचं व्याकरण समोर येतं. एका पाटीवर ‘नोवाक’ : एकटा पुरुष. दुसरीवर ‘नोवाकोवा’ : एकटी बाई. तिसरीवर ‘नोवाकोवी’ : सबंध कुटुंब, आपण ‘जोशी मंडळी’ म्हणतो तसं. ‘-ओवा’ मुळात मालकीदर्शक, नोवाकाची. चेक बाईने हा प्रत्यय लावायचाच, अशी सक्ती दीर्घकाळ होती. काही अपवाद सोडले तर सुटका नव्हती. कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२२ पासून कुठल्याही चेक बाईला नुसतं ‘नोवाक’ लावण्याची मोकळीक मिळाली. पोलिश भाषेत पूर्वी बायकोची ‘नोवाकोवा’ आणि मुलीची ‘नोवाकुव्हना’ अशी फोड होती. ती आता जुन्या पत्रांत आणि थोरामोठ्यांच्या बोलण्यात उरली. कागदोपत्री आई, मुलगी, सून सगळ्या नुसत्या नोवाक. हंगेरीत, जिथे नोवाक हे स्लाव्ह शेजाऱ्यांकडून गेलेलं नाव आहे, जुनी रीत ‘नोवाकने’, नोवाकाची बायको, अशी. २०२२ ते २०२४ हंगेरीच्या राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या कातालिन नोवाक यांचं आडनाव मात्र माहेरचं आहे.

इतकं सर्वसाधारण नाव म्हटल्यावर ते नमुन्याचं नाव होणारच. चेक फॉर्मवर उदाहरण म्हणून ‘यान नोवाक’, स्लोव्हेनियात ‘यानेझ नोवाक’. पोलंडमध्ये ‘यान कोवाल्स्की’ जास्त चालतो, नोवाक त्याचा शेजारी. गर्दीत मिसळण्याच्या या गुणाचा कुणी केलेला सर्वात धाडसी उपयोग दुसऱ्या महायुद्धातला. झ्जिस्वाव येझिओरान्स्की हा पोलिश भूमिगत सैन्याचा निरोप्या नाझींच्या ताब्यातल्या वॉर्सा आणि लंडन यांच्यामध्ये ये-जा करत असे. त्याने टोपणनाव घेतलं ‘यान नोवाक’. युद्ध संपलं तरी ते नाव सुटलं नाही. १९५२ ते १९७६ तो रेडिओ फ्री युरोपच्या पोलिश विभागाचा प्रमुख होता, आणि इतिहासात तो यान नोवाक-येझिओरान्स्की म्हणूनच राहिला.

एकोणिसाव्या शतकात हे नवखे पुन्हा निघाले. बोहेमिया-मोराव्हियातून व्हिएन्नाला : १९०० च्या जनगणनेत एक लाखाहून अधिक व्हिएन्नाकरांनी आपली बोली चेक सांगितली होती, आणि तिथल्या दारांवर आजही नोवाक, नोवोत्नी, स्वोबोदा दिसतात. पोझ्नान आणि सायलेशियातून लाखो पोलिश मजूर जर्मनीच्या रूर खोऱ्यात कोळशाच्या खाणींवर गेले. गेल्सेनकिर्शेनमध्ये जन्मलेला हान्स नोवाक १९६२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनीकडून खेळला. जर्मनीत या नावाचं एक रूप मात्र स्थलांतराचं नाही. पूर्वेला कॉटबुसभोवती सोर्ब नावाचे स्लाव्ह लोक हजारभर वर्षांपासून राहतात. त्यांच्यातल्या नोवाकचा जर्मन तोंडी मधला ‘व’ गळाला आणि ‘नोआक’ झाला. नोआक आडनावाच्या बऱ्याच जर्मनांना आपल्या नावात स्लाव्ह शब्द दडलाय याचा गंधही नसतो.

अटलांटिकपार जाताना चेक नोवाकांचा ‘आ’वरचा काना आणि बायकांचा ‘-ओवा’ गळून पडला. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे येणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी होई, तिथल्या अधिकाऱ्यांनी नावं बदलली ही लोकप्रिय समजूत खरी नाही. प्रवाशांच्या याद्या हॅम्बुर्ग, ब्रेमेनसारख्या बंदरांतच लिहिल्या जात. बदल केले ते लोकांनी स्वतः, पुढे, सोयीने. शिकागोत १९३३ मध्ये चेक वंशाच्या घरात जन्मलेल्या मॅरिलिन पॉलिन नोवाक या मुलीवरही ती वेळ आली. हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओला ‘नोवाक’ हे आडनाव पडद्यासाठी नको होतं. त्यांनी ‘किट मार्लो’ असं नवंकोरं नाव पुढे केलं. मॅरिलिन सोडायला ती तयार झाली, कारण त्या नावाची एक नटी आधीच गाजत होती. आडनावावर मात्र अडून बसली, आणि पडद्यावर किम नोवाक म्हणून आली.