तिसऱ्या महिन्यातला गुडघा

गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, बदलण्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले की खेळाडूला आपण बरे झालो असं वाटू लागतं. सूज उतरलेली असते, पाय सरळ होतो, कुबड्या माळ्यावर गेलेल्या असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गावोगाव कबड्डीचे संघ आहेत, तालमी आहेत, शहरातल्या शाळा-कॉलेजांत बास्केटबॉल आहे. सगळीकडे हिशेब मात्र एकच चालतो: तीन महिने आराम, सहा महिन्यांत मैदान. हा हिशेब दुखण्यावरून केलेला असतो आणि तिथंच तो चुकतो. दुखणं थांबतं त्याच सुमाराला आत बसवलेलं नवं लिगामेंट सगळ्यांत कच्चं असतं.

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेत डेन्व्हर नगेट्सचा जमाल मरे याच्या डाव्या गुडघ्याचं हेच लिगामेंट १२ एप्रिल २०२१ रोजी तुटलं. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या एप्रिलमध्ये, संघ बाद फेरीत गोल्डन स्टेटसमोर उभा होता. दुखापतीला वर्ष झालं होतं, तरी मरे उतरला नाही. डेन्व्हर १-४ असं हरून बाहेर पडलं. मरे परतला तो २०२२ च्या ऑक्टोबरात, दीड वर्षानं. पैसा, डॉक्टर, यंत्रं यांची ददात नसलेल्या संघाचा हा हिशेब आहे.

आता गुडघ्याच्या आत जाऊ. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये फुलीसारखी दोन लिगामेंटं असतात. पुढचं ते एसीएल (अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट). लांबी तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीपेक्षा कमी. नडगी पुढं सरकू न देणं आणि गुडघा पिळू न देणं ही त्याची कामं. तरुण माणसाचं एसीएल सुमारे २,१६० न्यूटन ताण सोसतं, म्हणजे जवळपास २२० किलो; साखरेची पन्नास किलोची साडेचार पोती टांगली तर तुटायच्या बेताला येईल इतकं. एवढं मजबूत लिगामेंट बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागताच तुटतं. उडी मारून खाली येताना किंवा धावता धावता दिशा बदलताना पाय जमिनीत रुततो, गुडघा थोडासाच वाकलेला असतो, तो आत कोसळतो आणि वरचं अंग फिरतं. पाय टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत काम तमाम होतं. स्नायूला आवळून गुडघा सावरायला याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे ‘लक्ष नव्हतं म्हणून झालं’ हा प्रशिक्षकाचा ठपका अन्यायाचा आहे. ‘टक्’ असा आवाज, काही तासांत टम्म सूज आणि नंतर चालताना गुडघा ‘निसटल्यासारखा’ वाटणं ही तिन्ही लक्षणं असतील तर लचक समजून शेकत बसू नये.

तुटलेलं एसीएल आपसूक का जुळत नाही? बोट कापलं की रक्त गोठतं, त्या गुठळीच्या आधारानं नव्या पेशी जखमेच्या दोन कडा सांधतात. एसीएल सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात बुडालेलं असतं. तो द्रव आणि त्यातली विकरं गुठळी टिकू देत नाहीत, त्यामुळे दोन तुटक्या टोकांमध्ये पूलच तयार होत नाही. बाहेरून तेल चोळून, लेप लावून किंवा हाडवैद्याकडे पट्टी बांधून हा पूल बांधला जात नाही. अशा पट्टीखाली सूज उतरते, ती काळानुसार उतरणारच होती, आणि श्रेय पट्टीला जातं. घोट्यात बांधलेल्या काळ्या दोऱ्यानं नजर टळत असेल नसेल. गुडघ्याचा पीळ टळत नाही.

म्हणून नवा दोर ओवावा लागतो. तो बहुधा खेळाडूच्याच शरीरातून काढतात: एक तर गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची) दहा मिलिमीटर रुंद पट्टी, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून, नाहीतर मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगच्या दोन कंडरा दुमडून केलेला चौपदरी दोर. हा दोर आठ मिलिमीटरपेक्षा बारीक भरला तर पुढं तुटण्याचा धोका वाढतो. दोन्ही हाडांत ड्रिलनं बोगदे पाडून तो ओवतात, वरच्या बाजूला मांडीच्या हाडाबाहेर टायटॅनियमची छोटी बटणासारखी पट्टी अडकवतात आणि खाली बोगद्यात स्क्रू ठोकून आवळतात. निवड करताना खेळ विचारात घ्यावा. वाटीखालची पट्टी काढली तर गुडघे टेकताना बरेच दिवस, काहींना कायमचं, दुखतं. मातीत गुडघ्यावर झगडणाऱ्या पैलवानाला हे जड जातं. हॅमस्ट्रिंग काढली तर गुडघा पूर्ण दुमडून खेचण्याची ताकद थोडी घटते, ते कबड्डीत चढाई करणाऱ्या रेडरला जाणवतं.

ऑपरेशनच्या दिवशी हा दोर मूळ एसीएलपेक्षा मजबूत असतो. वाटीखालची पट्टी सुमारे २,९७७ न्यूटन सोसते, चौपदरी हॅमस्ट्रिंग ४,०९० च्या आसपास. मग थांबायचं कशाला?

या दोराला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात, मराठीत सरळ शब्द आहे ‘कलम’. पण बेळगाव-धारवाड भागात हापूसचं कलम बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे येतं ते इथं घडत नाही. आंब्याची काडी जिवंत असते, सालीखालचे थर जुळले की रस वाहू लागतो आणि काही आठवड्यांत पालवी फुटते. गुडघ्यातल्या कलमाचा रक्तपुरवठा कापताक्षणीच तुटलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत त्यातल्या पेशी मरतात. उरतो तो कोलॅजनचा निर्जीव सांगाडा. हरकत नाही, दोराला जिवंत असण्याची गरज नसते. मेलेला काथ्याही मोट ओढतोच. खरी अडचण पुढं आहे. आजूबाजूच्या अस्तरातून बारीक रक्तवाहिन्या या सांगाड्यात शिरतात, त्यांच्यामागून नव्या पेशी येतात, आणि या पेशी जुनं कोलॅजन विरघळवून नवं विणायला घेतात. घर न पाडता एकेक वासा बदलावा तसं हे काम चालतं. जुना वासा काढला आहे आणि नवा अजून बसायचा आहे, असा काळ प्रत्येक घरदुरुस्तीत येतो. ग्राफ्टचा तो काळ म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा, माणसांत त्याहूनही थोडा पुढं सरकणारा.

या रूपांतराला १९८६ मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून ‘लिगामेंटायझेशन’ हे नाव मिळालं: कंडरेचं हळूहळू लिगामेंट होणं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मूळ कंडरेत शंभर नॅनोमीटरहून जाड तंतू भरपूर दिसतात. रूपांतरानंतर त्यांची जागा बारीक तंतू घेतात आणि जखमेच्या व्रणात आढळणारं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन वाढतं. बारीक तंतूंमध्ये आडवे बंध कमी असतात, म्हणून तेवढ्याच जाडीचा दोर कमी ताण सोसतो. प्राण्यांतल्या प्रयोगांत तर ग्राफ्टनं सुरुवातीची ताकद पुन्हा गाठलीच नाही. माणसांत पेशींचा नाश सौम्य असतो, पण विणकाम जास्त रेंगाळतं; वर्षभरानंतरही ते पुरतं संपलेलं नसतं. दोर पहिल्या दिवशी मूळ लिगामेंटहून मजबूत घेतात त्यामागं हेही कारण आहे. पुढं होणारी घट आधीच धरलेली असते.

दोराची टोकंही हाडात लगेच रुजत नाहीत. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पहिले आठ आठवडे ताण दिला की दोर बोगद्यातून सुटून येई. बाराव्या आठवड्यानंतर टोक धरून राहू लागलं आणि दोर मध्येच तुटू लागला. कमकुवत जागा टोकाकडून मध्याकडे सरकली. ज्या पट्टीच्या टोकाला हाडाचा तुकडा असतो तिथं हाडाशी हाड जुळतं, म्हणून ते काम सहा-आठ आठवड्यांत होतं.

‘मग मेलेल्या कंडरेपेक्षा नायलॉनचा पक्का दोर का बसवत नाहीत?’ हा प्रश्न रास्त आहे. १९८० च्या दशकात गोअर-टेक्स या कृत्रिम धाग्याची लिगामेंटं बसवून पाहिली. सुरुवात झकास झाली. पण कृत्रिम धागा झिजतो तेव्हा त्याचा कीस सांध्यात पडतो, सूज येते, आणि झिजलेला धागा दुरुस्त करायला तिथं एकही पेशी नसते. आपल्या कंडरेचा सांगाडा कच्चा का होईना, जिवंत होऊ शकतो. पीआरपीच्या (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सच्या) सुया आणि कोलॅजनची पावडर हा वेळ निम्म्यावर आणतात असं सांगणाऱ्या जाहिरातींवर मात्र पैसे घालवू नयेत. खाल्लेलं कोलॅजन पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं. ते गुडघ्याचा पत्ता विचारत येत नाही.

आतलं काम असं चालू असताना बाहेरून करायचं बरंच असतं. पहिले दोन आठवडे एकच हट्ट धरावा: गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. उशी गुडघ्याखाली न घेता टाचेखाली घ्यावी. पाय पाच अंश वाकडा राहिला तरी लंगड जात नाही आणि मांडीचा पुढचा स्नायू सुकत जातो. या स्नायूचं एक वैशिष्ट्य आहे. सांध्यात नुसतं वीस-तीस मिलिलिटर पाणी साचलं तरी मज्जारज्जूकडून त्याच्या आतल्या बाजूच्या भागाला ‘थांब’ असा संदेश जातो. मन कितीही घट्ट केलं तरी तो आवळत नाही. म्हणून सूज असताना व्यायाम रेटण्यापेक्षा बर्फ, पाय उंच ठेवणं आणि कमी चालणं हाच व्यायाम. जुन्या उस्तादांच्या जोर-बैठका इथं लागू नाहीत. पूर्ण खाली जाणारी बैठक पहिले तीन-चार महिने नको, गादी म्हणजे मेनिस्कस शिवलेला असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत नको. पाटावर जेवण, देशी संडास आणि मांडी घालून बसणं यांनाही हाच नियम.

खानापूर तालुक्यात आणखी एक धोका आहे, तो परदेशी तक्त्यांत सापडणार नाही. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालेल्या खेळाडूचा तिसरा महिना जुलैत येतो, भाताच्या रोप लावणीत. चिखलात पाय रुतलेला, हातात रोपाची जुडी, आणि कुणी हाक मारली म्हणून अंग वळवलं. एसीएल तोडणारी हालचाल याहून वेगळी नसते. शेतात जायचं तर बांधावर उभं राहून हिशेब लिहावा.

सरळ रेषेत धावणं बारा आठवड्यांनंतर, तेही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या सत्तर टक्क्यांवर आली तर. दोन पायांवर उड्या चौथ्या-पाचव्या महिन्यात, वळणं आणि दिशाबदल सहाव्यानंतर, समोरच्याच्या अंगाला अंग भिडवणारा खेळ त्याहून उशिरा. मोजायची यंत्रं नसली तरी जिममधलं लेग एक्स्टेन्शन मशीन पुरतं: एकेका पायानं जास्तीत जास्त किती किलो उचलतो ते लिहून ठेवावं. एका पायावरची लांब उडी टेपनं मोजावी. चांगल्या पायावर १५० सेंटिमीटर असेल तर ऑपरेशनच्या पायावर निदान १३५ हवी. पण नुसत्या उडीवर विसंबू नये. आडव्या उडीत घोटा आणि कंबर गुडघ्याची कमतरता लपवतात. उंच उडीत आणि जमिनीवर उतरताना ती उघडी पडते, म्हणून बाजूनं आणि समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढून पाहावा. शिवाय सहा महिने बसून चांगला पायही उतरलेला असतो, तेव्हा तुलना शक्यतो चांगल्या पायाच्या ऑपरेशनआधीच्या आकड्याशी करावी.

मैदानात परतायला निदान नऊ महिने थांबावं, हा आग्रह हवेतून आलेला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांच्या १०६ रुग्णांवरच्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं एकेक महिना लांबवलं तसतसं नव्यानं गुडघा दुखावण्याचं प्रमाण दर महिन्याला ५१ टक्क्यांनी घटलं. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा गुडघा पुन्हा दुखावला; पार करून परतलेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्याही आत होतं. खेळात परतलेल्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंत जवळपास चौघांतल्या एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, कधी तेच, कधी दुसऱ्या पायाचं.

परतल्यावरही खेळाडू लगेच पूर्वीचा नसतो, आणि संघाचं गणित इथं बिघडतं. शिकागो बुल्सचा डेरिक रोझ २०११ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, एनबीएचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २८ एप्रिल २०१२ रोजी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं. अव्वल मानांकित शिकागो ती मालिका २-४ अशी हरलं. रोझ सबंध पुढचा हंगाम बसून होता, २०१३ च्या ऑक्टोबरात परतला आणि नोव्हेंबरात उजव्या गुडघ्याची गादी फाटली. सांभाळूनही असं होतं. एकाच माणसाभोवती संघ बांधला की त्याच्या गुडघ्याबरोबर संघही जातो.

मरेच्या बाबतीत डेन्व्हरनं पहिला हंगाम घाई न करता काढला. नियमित हंगामातल्या ८२ पैकी ६५ सामन्यांत तो खेळला, सरासरी २० गुण. त्यानंतरच्या बाद फेरीत हीच सरासरी २६.१ झाली आणि १२ जून २०२३ रोजी मायामीला ४-१ हरवून डेन्व्हरनं आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. दुखापतीला तेव्हा सव्वीस महिने झाले होते.

आपल्याकडचे संघ एवढे थांबू शकत नाहीत, हे खरं आहे. तरी जानेवारीत ऑपरेशन झालेल्या रेडरचं नाव गणपतीतल्या स्पर्धेच्या यादीत घालू नये, तेव्हा आठवा महिना असतो. दसऱ्यानंतर चाचण्या घ्याव्यात, पार झाल्या तर दिवाळीनंतरच्या सामन्यांत आधी एका डावात चार-पाच रेड द्याव्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला आहे का ते विचारावं. सुजला असेल तर पुढच्या सामन्याला दुसरा रेडर.