बारावी एचएससीनंतर यूकेत इंटरनॅशनल फायनान्सची डिग्री: अर्ज कसा करायचा, काय काय लागतं

बारावीनंतर थेट यूकेला फायनान्स करायचंय म्हणणारे बहुतेक जण आधी फॉर्मचं विचारतात, लिंक कुठेय, लास्ट डेट कधी, फी किती वगैरे. फॉर्म हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी गोची दोन ठिकाणी होते, एक अकरावीत विषय निवडताना आणि दुसरी व्हिसासाठी बँकेतले पैसे दाखवताना, म्हणून त्या दोन्हीवर जरा जास्त लिहितेय, बाकीचं भरभर.

आधी मॅथ्स. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत अकरावी कॉमर्सला मॅथ्स नाहीतर एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) असा चॉइस असतो आणि एसपीत मार्क पडतात म्हणून बरीच पोरं मॅथ्स सोडून मोकळी होतात. इथे बीकॉमला त्याने काही अडत नाही. पण इंटरनॅशनल फायनान्स म्हणजे करन्सीचे फॉरवर्ड, स्वॉप, ऑप्शन, बाँडची किंमत काढणं, हेजिंग (रेट हलल्याने होणारं नुकसान आधीच झाकून ठेवणं), आणि या सगळ्याच्या खाली स्टॅटिस्टिक्स नि कॅल्क्युलस, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच चांगल्या युनिव्हर्सिट्या बारावीपर्यंत मॅथ्स असलंच पाहिजे असं म्हणतात. कॉमर्सचं मॅथ्स चालतं की सायन्सचंच लागतं हे कोर्सच्या पानावर नसेल तर ॲडमिशन ऑफिसला मेल टाकून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. एसपी घेऊन बसला असाल तर सगळं संपलं असं नाही, फाउंडेशन इयर नावाचा डिग्रीआधी तयारी करून घेणारा एक वर्षाचा रस्ता आहे, फक्त एक वर्ष जास्त आणि त्या वर्षाचा खर्चही जास्त.

कोर्सची नावं सगळीकडे सारखी नसतात हेही ध्यानात ठेवा, नुसतं ‘इंटरनॅशनल फायनान्स’ सर्च केलं तर अर्धे कोर्स दिसणारच नाहीत. लंडनच्या सिटी सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीच्या बेझ बिझनेस स्कूलला ‘बँकिंग अँड इंटरनॅशनल फायनान्स’ आहे (जुनं नाव कॅस, २०२१ मध्ये बदललं, जुन्या लेखांत कॅस दिसलं तर गोंधळू नका), मँचेस्टरला ‘इंटरनॅशनल बिझनेस, फायनान्स अँड इकॉनॉमिक्स’, रेडिंगला हेन्ली बिझनेस स्कूलमध्ये ‘फायनान्स अँड इन्व्हेस्टमेंट बँकिंग’. नाव सोडा, तिन्ही वर्षांचे विषय उघडून बघा.

एचएससीकडे सगळे एकाच नजरेने बघत नाहीत. काही युनिव्हर्सिट्या सीबीएसई-आयएससीला एक टक्केवारी लावतात आणि स्टेट बोर्डाला त्याहून जास्त, काहींकडे मोजक्याच स्टेट बोर्डांची यादी असते तर त्यात महाराष्ट्र आहे का बघायचं, आणि काही सरळ फाउंडेशन करून या म्हणतात. दहावीचे इंग्लिश नि मॅथ्सचे मार्कही बघतात. इंग्लिशचं म्हणाल तर बारावीच्या इंग्लिशला चांगले मार्क असले की काही ठिकाणी आयईएलटीएस ही इंग्लिशची परीक्षा माफ होते, पण ती माफी सीबीएसईला आहे की एचएससीलाही हे नीट वाचा, काही ठिकाणी एचएससीला नसते.

आता फॉर्म. प्रत्येक युनिव्हर्सिटीला वेगवेगळा अर्ज नाही, यूकॅस म्हणून एकच पोर्टल आहे, त्यावर पाच चॉइस टाकता येतात. आपल्या सेंट्रलाइज्ड ॲडमिशनसारखा प्राधान्यक्रम द्यायचा नसतो, आणि तुम्ही ऑफरना उत्तर देईपर्यंत कुणालाच दिसत नाही की बाकीचे चार कोण. शेवटची तारीख जानेवारीच्या मध्यात असते, यूकेच्या वेळेने संध्याकाळी ६, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा. ती गेली तरी ३० जूनपर्यंत अर्ज घेतात, जागा असल्या तर, आणि त्यानंतर क्लिअरिंग, म्हणजे उरलेल्या जागा भरायची फेरी. पण आपली बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत असते, तेव्हा डिसेंबरच्या आत फॉर्म उरकला तर डोक्याला ताप कमी.

पर्सनल स्टेटमेंट २०२६ च्या प्रवेशापासून बदललंय. आधी एक लांबलचक निबंध असायचा, आता तीन प्रश्न आहेत: हा कोर्स का, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून ४,००० कॅरेक्टर, स्पेस धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० चं. हेच स्टेटमेंट पाचही ठिकाणी जातं म्हणून त्यात एका युनिव्हर्सिटीचं नाव घेऊन कौतुक करू नका. कॉपी तपासायचं सॉफ्टवेअर आहे, क्लासवाल्याने दहा जणांना वाटलेलं तयार उत्तर तर नकोच. लहानपणापासून बँकिंगची आवड वगैरे पण नको. घरच्या द्राक्ष एक्स्पोर्टचं पेमेंट युरोत येतं आणि रेट हलला की काय होतं हे पाहिलं असेल तर ते लिहा.

रेफरन्स (शिक्षकांचं शिफारसपत्र) आणि प्रेडिक्टेड मार्क्स कॉलेजकडून लागतात आणि ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात बऱ्याचदा हे काय असतं हेच माहीत नसतं. वर्गशिक्षकांना किंवा विषयाच्या सरांना दिवाळीच्या आधीच भेटा, युनिट टेस्ट-सहामाहीचे मार्क घेऊन जा आणि प्रेडिक्टेड म्हणजे अंदाजे किती पडतील ते एवढं समजावून सांगा. उगाच ९५ लिहून घेऊ नका, कारण ऑफर कंडिशनल, म्हणजे अमुक मार्क पडले तरच, अशी असते आणि मे महिन्यात निकाल अटीच्या खाली आला तर हातची जाऊ शकते. आलेल्या ऑफरपैकी एक फर्म (पहिली पसंती) आणि एक इन्शुरन्स (ती हुकली तर दुसरी) अशा ठेवता येतात, इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा कमी मार्कांची निवडा नाहीतर ठेवून उपयोग काय.

निकाल लागला, मार्कशीट पाठवली, डिपॉझिट भरलं की युनिव्हर्सिटी सीएएस देते, म्हणजे तुम्हाला प्रवेश दिल्याची नोंद आणि तिचा नंबर, त्या नंबरशिवाय स्टुडंट व्हिसाचा अर्ज होत नाही.

आणि आता पैसे. सीएएसवर दिसणारी पहिल्या वर्षाची उरलेली फी अधिक ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम दाखवायची. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनला महिन्याला १,५२९ पाऊंड आणि बाहेर १,१७१, म्हणजे नऊ महिन्यांचे १३,७६१ किंवा १०,५३९. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे, मधे एक दिवसही कमी झाली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस व्हिसाच्या अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतला हवा. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं. काका, मामा, आजोबा कितीही तयार असले तरी त्यांच्या खात्यातले पैसे धरत नाहीत, द्यायचे असतील तर वेळेत वडिलांच्या खात्यात वळते करा. आईवडिलांचं खातं असेल तर विद्यार्थ्याचा जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. शेअर्स, पीएफ, सोनं, जमीन काही चालत नाही. एफडी हवी तेव्हा मोडता येणारी पाहिजे.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे पतसंस्था. नियम असा आहे की ज्या संस्थेत पैसे आहेत ती त्या देशाच्या अधिकृत नियामकाखाली हवी, रेकॉर्ड इलेक्ट्रॉनिक हवं आणि तिकडच्या होम ऑफिसला (व्हिसा बघणारं सरकारी खातं) पडताळणी करता आली पाहिजे. मागे तर भारतातल्या न चालणाऱ्या बँकांची यादीच होती आणि त्यात सहकारी बँका भरपूर. त्यामुळे गावच्या पतसंस्थेत किंवा छोट्या नागरी बँकेत ठेवी असतील तर मे-जूनमध्येच मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकेत हलवा, २८ दिवस तिथे मोजू द्या. रुपयांचे पाऊंड ते अर्जाच्या तारखेच्या ओअँडा या चलनदर देणाऱ्या वेबसाइटच्या रेटने करतात, म्हणून काठोकाठ ठेवू नका, रेट फिरला की कमी पडाल. एज्युकेशन लोन असेल तर २८ दिवसांचं बंधन नाही, बँकेचं सँक्शन लेटर सहा महिन्यांच्या आतलं लागतं. सरकारी परदेश शिष्यवृत्तीची आशा धरू नका, त्या बहुतेक पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत.

कागदपत्रांत पासपोर्ट, सीएएस, दहावी-बारावीच्या मार्कशीट, पैशाचे पुरावे आणि मान्यताप्राप्त क्लिनिकमधलं टीबीचं सर्टिफिकेट (सहा महिने चालतं). वय १८ च्या आत असेल तर आईवडिलांचं प्रवासाला आणि तिकडे राहण्याला संमतीपत्र वेगळं. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात येतं, पासपोर्टवर तसं नसतं, म्हणून यूकॅसपासून सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव टाका. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं.

व्हिसाची फी ५०० पाऊंडच्या वर आहे, पण खरा दणका हेल्थ सरचार्जचा (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे), विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पाऊंड आणि कोर्सनंतरचे चार महिनेही त्यात धरतात, आणि हे सगळं एकदम आधीच भरायचं. अर्ज कोर्सच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी बाहेर पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर गेलात की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापते, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर कापत नाही, कापलेला रिटर्नमध्ये वळता होतो पण तोवर हातचे पैसे अडकतात.

शिकून झाल्यावर थांबायचा ग्रॅज्युएट रूट नावाचा व्हिसा आधी दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या डिग्रीवाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत, म्हणजे आत्ता जाणारे सगळे यातच येणार. लोनच्या हप्त्यांचा हिशोब दोन वर्षं धरून मांडला असेल तर १८ महिन्यांवर परत मांडा.