बुल डरहॅम (चित्रपट)

बुल डरहॅम : व्यावसायिक बेसबॉलच्या पार्श्वभूमीवरील अमेरिकी प्रणयप्रधान विनोदी चित्रपट. प्रदर्शन जून १९८८, ओरायन पिक्चर्स. पटकथा व दिग्दर्शन रॉन शेल्टन. दिग्दर्शक म्हणून शेल्टन यांचा हा पहिलाच चित्रपट. प्रमुख भूमिका : केव्हिन कॉस्टनर (क्रॅश डेव्हिस), सुझन सॅरंडन (ॲनी सॅव्हॉय), टिम रॉबिन्स (एबी कॅल्व्हिन ऊर्फ ‘न्यूक’ लालूश). कथानक नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम शहराच्या ‘बुल्स’ या संघात घडते. हा संघ प्रत्यक्षातला असून त्याचे नाव डरहॅममध्येच पूर्वी तयार होणाऱ्या, बैलाचे चित्र असलेल्या ‘बुल डरहॅम’ या प्रसिद्ध तंबाखूवरून पडले. चित्रपटाचे शीर्षकही तेच.

क्रॅश डेव्हिस हा उमेदीची वर्षे मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च पातळीखालच्या स्पर्धांत, घालवलेला कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा व कोणता चेंडू टाकावा याच्या खुणा करणारा खेळाडू). ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरून त्याला क्लास-ए पातळीवरच्या डरहॅमला धाडले जाते. काम एकच : न्यूक लालूश या तरण्याबांड पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) वळण लावणे. न्यूकच्या हातात विलक्षण वेग आहे, पण नेम आणि अक्कल दोन्ही बेताचीच. ॲनी स्थानिक कनिष्ठ महाविद्यालयात अर्धवेळ इंग्रजी शिकवते. दर हंगामात ती संघातला एक खेळाडू निवडते, हंगामभर त्याच्याशी संबंध ठेवते आणि खेळाबरोबर त्याला कवितेचेही धडे देते. या वेळी ती दोघांना घरी बोलावते. इतकी वर्षे खेळल्यावर पुन्हा निवड चाचणी द्यायला क्रॅश साफ नकार देतो आणि निघून जातो. साहजिकच न्यूकची वर्णी लागते. पुढे संघ जिंकू लागतो. विजयाची मालिका तुटू नये म्हणून न्यूक ब्रह्मचर्य पाळू लागतो आणि ॲनीचा जीव मेटाकुटीला येतो. अखेर न्यूकला मेजर लीगचे बोलावणे येते. शिकवायला शिष्यच उरला नाही, तेव्हा क्रॅशची गरज संपते आणि त्याला नारळ मिळतो.

मेजर लीगमधील प्रत्येक क्लबच्या पदराखाली मायनर लीगचे अनेक संघ असतात. खेळाडूचा करार बहुधा वरच्या क्लबशी असतो, त्यामुळे त्याला वर-खाली हलवण्याचा अधिकार क्लबकडे राहतो. चित्रीकरणाच्या सुमारास डरहॅमचा संघ अटलांटा ब्रेव्हज या मेजर लीग क्लबशी संलग्न होता. चित्रपटातली सगळी नाती या व्यवस्थेतून घडतात. नायक-नायिकेच्या मध्ये घराणे, पैसा किंवा गैरसमज येत नाही. आड येतो तो संघाचा करार.

चित्रपटाच्या उगमाबद्दल दोन मते प्रचलित आहेत. पहिल्यानुसार मूळ कल्पना लिसिस्ट्राटा या ॲरिस्टोफेनीसच्या ग्रीक सुखात्मिकेतून (इ. स. पू. ४११) आली; ‘मायनर लीगमधील लिसिस्ट्राटा’ असे वर्णन खुद्द शेल्टन यांनीच केले होते. त्या नाटकात युद्ध थांबावे म्हणून स्त्रिया पुरुषांना शय्येपासून दूर ठेवतात, तर येथे संघ जिंकत राहावा म्हणून पुरुष स्वतःच दूर राहतो. हे साम्य एका उपकथानकापुरतेच आहे. दुसऱ्या मतानुसार चित्रपटाचे मूळ शेल्टन यांच्या स्वतःच्या खेळाडूपणात आहे, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. शेल्टन १९६७ ते १९७१ या काळात बाल्टिमोर ओरिओल्स या मेजर लीग क्लबच्या मायनर लीग संघांतून खेळले. रॉचेस्टरच्या ट्रिपल-ए संघापर्यंत त्यांची मजल गेली, पण मेजर लीगचे मैदान त्यांना लाभले नाही. याच विषयावरची एक जुनी पटकथा त्यांच्याजवळ होती. तिचे नाव खेळाडूंच्या अदलाबदलीतील ‘नाव नंतर जाहीर होणारा खेळाडू’ या तांत्रिक शब्दप्रयोगावरून घेतलेले होते. चित्रपटात क्रॅश व्यवस्थापकाला स्वतःची ओळख करून देतो, तीही याच शब्दांत.

न्यूकच्या पात्रामागे स्टीव्ह डॅल्कोव्स्की (१९३९–२०२०) हा पिचर आहे, याविषयी फारसे दुमत नाही. तोही ओरिओल्सच्याच मायनर लीगमधला; त्याच्या वेगाच्या कथा शेल्टन यांच्या पिढीपर्यंत खेळाडूंच्या तोंडी टिकून होत्या. १९६० च्या हंगामात स्टॉक्टन येथे त्याने १७० डावांत २६२ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि तितक्याच, म्हणजे २६२, फलंदाजांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला तळ) दिले. चित्रपटात न्यूक पहिल्याच सामन्यात १८ वॉक व १८ स्ट्राइकआउट नोंदवतो. आकडे समसमान ठेवण्याची ही क्लृप्ती स्टॉक्टनच्या नोंदीवरून सुचली असावी. वास्तवाचा शेवट मात्र वेगळा होता. १९६३ च्या वसंतात मेजर लीगच्या उंबरठ्यावर असतानाच डॅल्कोव्स्कीचा हात दुखावला आणि तो वर कधीच खेळू शकला नाही. शेल्टन यांनी न्यूकला वर पाठवले आणि डॅल्कोव्स्कीच्या वाट्याची हुकलेली संधी क्रॅशला दिली, असे या दोन पात्रांकडे पाहता येते.

क्रॅश डेव्हिस हे नाव कॅरोलायना लीगच्या (डरहॅमचा संघ तेव्हा खेळत असे त्या मायनर लीगच्या) नोंदवहीतून घेतलेले आहे. लॉरेन्स ‘क्रॅश’ डेव्हिस (१९१९–२००१) हा फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून १९४० ते १९४२ मध्ये मेजर लीग खेळला. १९४८ साली डरहॅमकडून त्याने ५० डबल्स (फलंदाजाला दुसऱ्या तळापर्यंत नेणारे फटके) मारले होते. परवानगीसाठी शेल्टन यांनी गाठले तेव्हा ‘शेवटी नायिका मला मिळते का?’ एवढेच त्याने विचारले, असे सांगतात. नावापलीकडे पात्राशी त्याचा संबंध नाही.

चित्रपटातील आकड्यांची वेगळी दखल घ्यायला हवी. क्रॅश मायनर लीगमधील २४७ होम रनचा (साधारणपणे चेंडू कुंपणापार धाडणाऱ्या फटक्यांचा) विक्रम करतो, असे दाखवले आहे. प्रत्यक्षात अमेरिकेतील मायनर लीगचा विक्रम तेव्हा बझ आर्लेट याच्या नावावर ४३२ होम रनचा होता. तो २०१५ साली माइक हेसमनने ४३३ वा होम रन मारून मोडला. मेक्सिकोतील लीग जमेस धरल्यास हेक्टर एस्पिनोचे ४८४ होम रन सर्वांच्या पुढे जातात. २४७ ही संख्या त्यामुळे कोणत्याच नोंदीशी जुळत नाही. क्रॅश अखेरचा होम रन मारतो तो ॲशव्हिलकडून. ॲशव्हिलचा खरा संघ त्या काळी कॅरोलायना लीगमध्ये नव्हे, तर साउथ अटलांटिक लीगमध्ये होता.

ॲनीच्या आरंभीच्या स्वगतातला आकडा मराठी वाचकाला विशेष रंजक वाटेल. आपण ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्यासह अनेक दैवते भजून पाहिली आणि शेवटी बेसबॉलच्या पंथात आलो, असे ती सांगते. कॅथलिक रोझरीत (प्रार्थनेच्या माळेत) १०८ मणी असतात आणि बेसबॉलच्या चेंडूला टाकेही १०८ असतात, हा तिचा दाखला. चेंडूपुरते ते खरे आहे : त्याच्या शिवणीत १०८ दुहेरी टाके असतात. रोझरीबाबत मात्र ते चूक आहे. प्रचलित पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या) रोझरीत ५९ मणी असतात. १०८ मणी असतात ते जपमाळेत. विष्णू-महेशांचा उल्लेख दोनच वाक्ये आधी झालेला असताना जपमाळ शेल्टन यांच्या हाताशीच होती. तरी ॲनीच्या तोंडी रोझरी आली. अमेरिकी प्रेक्षकाला जपमाळेपेक्षा ती ओळखीची वाटावी, हा हेतू असावा.

याच्या उलट, क्रॅश दारूच्या गुत्त्यात मांडतो तो हिशेब चोख आहे. ०.२५० आणि ०.३०० या फलंदाजीच्या सरासऱ्यांत फरक किती, असे तो न्यूकला विचारतो. ५०० वेळा फलंदाजी केली तर पहिल्यासाठी १२५ हिट (फलंदाजाला तळ मिळवून देणारे फटके) लागतात, दुसऱ्यासाठी १५०. फरक २५ हिटचा. हंगाम साधारण सहा महिन्यांचा, म्हणजे आठवड्याला एक हिट : एखादा उडता फटका दोघांच्या मध्ये पडावा, एखादा जमिनीवरचा चेंडू फटीतून निसटावा. एवढ्यावर मेजर लीग मिळते किंवा हुकते. क्रॅशला वरच्या मैदानावर २१ दिवस मिळाले होते. विक्रमांच्या बाबतीत सैल असलेली ही पटकथा खेळाडूच्या पोटापाण्याच्या गणितात एका हिटचीही चूक करत नाही. चित्रपटाची खरी ताकद या ठिकाणी आहे, आणि क्रॅश-ॲनीचे प्रेम पटते तेही यामुळेच : दोघांनाही या खेळाची नस पुरेपूर कळते आणि दोघांनाही त्या ज्ञानाचा मोबदला मिळालेला नाही.

खेळाच्या तपशिलाचे आणखी दोन प्रसंग प्रसिद्ध आहेत. न्यूक क्रॅशच्या खुणा धुडकावून मनाचा चेंडू टाकायचा हट्ट धरतो, तेव्हा क्रॅश पुढचा चेंडू कोणता येणार हे सरळ फलंदाजालाच सांगून टाकतो. चेंडू कुंपणापार जातो आणि शिष्य खुणा मानायला शिकतो. दुसरा प्रसंग पिचरच्या उंचवट्यावरच्या खलबताचा. भर सामन्यात पाच-सहा जण जमतात, आणि चर्चा चालते ती प्रेक्षकांत बसलेल्या वडिलांमुळे गोंधळलेल्या न्यूकची, एका खेळाडूच्या ग्लोव्हला लागलेल्या शापाची आणि सहकाऱ्याच्या लग्नात आहेर काय द्यावा याची. प्रशिक्षक लॅरी (रॉबर्ट वूल) मेणबत्त्यांचे स्टँड सुचवतो आणि लगेच सगळ्यांना खेळाला जुंपतो. हे संवाद वूल यांनी ऐनवेळी, घरच्या अनुभवावरून रचले होते. कामाच्या जागी माणसे खरोखर कसे बोलतात, हे या एका मिनिटात जितके दिसते तितके क्रीडापटांत क्वचितच दिसते.

चित्रीकरण १९८७ च्या शरदात प्रामुख्याने डरहॅम ॲथलेटिक पार्क या जुन्या मैदानावर झाले. निर्माते थॉम माउंट हे संघाचे भागीदार होते. कथा उन्हाळ्यातली, पण गवत पिवळे पडू लागले होते. ते हिरव्या रंगाने रंगवावे लागले. काही दृश्यांत कलाकारांच्या तोंडून निघणारी वाफ दिसते. बेसबॉलचा विदूषक म्हणून प्रसिद्ध असलेले मॅक्स पॅटकिन स्वतःच्याच भूमिकेत आहेत. व्यवस्थापकाचे काम ट्रे विल्सन यांनी केले.

अमेरिकेत चित्रपटाने सुमारे ५ कोटी डॉलरचा व्यवसाय केला. शेल्टन यांना मूळ पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले आणि न्यूयॉर्क चित्रपट समीक्षक मंडळाचा पटकथेचा पुरस्कारही लाभला. २००३ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या नियतकालिकाने आपल्या क्रीडापटांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले. २००८ च्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या क्रीडापटांच्या यादीत तो पाचवा आहे. २००३ मध्येच कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेमने चित्रपटाच्या पंधराव्या वर्षाचा कार्यक्रम योजला होता. रॉबिन्स व सॅरंडन यांनी इराक युद्धाला उघड विरोध केल्यामुळे संस्थेच्या अध्यक्षांनी तो रद्द केला. या निर्णयावर बरीच टीका झाली.

डरहॅम शहराला चित्रपटाचा मोठा लाभ झाला. १९७१ नंतर काही वर्षे बंद पडलेला बुल्स संघ १९८० मध्ये पुन्हा उभा राहिला होता. चित्रपटानंतर गर्दी इतकी वाढली की जुने मैदान अपुरे पडू लागले. १९९५ मध्ये संघ नव्या मैदानावर गेला आणि १९९८ पासून तो ट्रिपल-ए पातळीवर खेळतो. नाकपुड्यांतून धूर सोडणारा फलकावरील बैल मुळात चित्रपटासाठी बनवला होता. बैलाला चेंडू लागल्यास फलंदाजाला स्टेक बक्षीस, असे त्यावर लिहिलेले होते. चित्रीकरणानंतरही तो मैदानावर ठेवण्यात आला आणि नव्या मैदानावरही तसाच बैल उभारला गेला. संघाने क्रॅश डेव्हिसचा ८ क्रमांकाचा गणवेशही सन्मानाने निवृत्त केला आहे. चित्रपटावर आधारित संगीतिका २०१४ मध्ये अटलांटा येथे रंगमंचावर आली.