किती मीटरवर होता? हिबाकुशांच्या साक्षींमागचा हिशेब

हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांच्या साक्षींत सुरुवातीलाच एक आकडा भेटतो: स्फोटकेंद्रापासून 1.8 किलोमीटर, 2.4 किलोमीटर. एरवी आठवण सांगताना कोणी अंतर मोजत बसत नाही. इथे त्या आकड्यावर औषधपाण्याचा खर्च अवलंबून होता.

आधी तर बोलायचीच चोरी होती. सप्टेंबर 1945 मध्ये अमेरिकी लष्करी प्रशासनाने वृत्तपत्रांवर निर्बंध घातले आणि बॉम्बबद्दलचा मजकूर 1949 पर्यंत कात्रीखालून जात राहिला. त्याच काळात अमेरिकेने उभारलेल्या संशोधन आयोगाचे डॉक्टर वाचलेल्यांचे रक्त तपासत, मापे घेत, फोटो काढत. उपचार मात्र करत नसत. हा सल अजून गेलेला नाही.

कोंडी फुटली ती तिसऱ्याच ठिकाणी. 1 मार्च 1954 रोजी प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने चाचणीसाठी फोडलेल्या हायड्रोजन बॉम्बची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. 23 जण आजारी पडले, बोटीचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात दगावला. अणुचाचण्यांविरुद्ध 3 कोटींहून अधिक सह्या जमल्या. 10 ऑगस्ट 1956 रोजी नागासाकीत ‘निहोन हिदान्क्यो’ ही हिबाकुशांची संघटना उभी राहिली. 2024 चे शांततेचे नोबेल मिळाले ते तिलाच.

1957 च्या कायद्याने आरोग्य-पुस्तिका आली, म्हणजे हिबाकुशा असल्याचा सरकारी दाखला. ती कोणाला? स्फोटाच्या वेळी ठरलेल्या हद्दीत असलेल्यांना; दोन आठवड्यांच्या आत केंद्राच्या साधारण 2 किलोमीटर परिसरात शिरलेल्यांना; जखमींची शुश्रूषा केलेल्यांना, प्रेते हलवलेल्यांना; आणि यांपैकी कोणाच्या पोटात असलेल्या बाळांना. अर्जासोबत तेव्हाचा कागद हवा, नाहीतर साक्षीदार. अडायचे ते इथेच. आळीच्या आळी जळालेली, शेजारी मेलेले, मग साक्षीदार आणायचा कुठून? लग्न मोडेल या धास्तीने कित्येकींनी वर्षानुवर्षे अर्जच केला नाही. कोरियात परतलेल्यांचे भत्ते तर 1974 च्या एका परिपत्रकाने जपानची हद्द ओलांडताच बंद होत. हे 2003 पर्यंत चालले.

पुस्तिका मिळाली तरी आजार किरणोत्सर्गानेच झाला, हे वेगळे सिद्ध करावे लागे. नागासाकीत 2.45 किलोमीटरवर तीन वर्षांच्या एका मुलीच्या डोक्यात स्फोटाने उडालेले कौल घुसले आणि उजवी बाजू लुळी पडली. अंतरावरून काढलेली किरणोत्सर्गाची मात्रा फारच कमी, म्हणून सरकारने तिचा दावा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला तो 2000 साली; तोवर ती साठीकडे झुकली होती.

हद्दीचे गणितही धड नाही. नागासाकीची हद्द आखताना जुन्या नगरपालिकेची सीमाच धरली, त्यामुळे ती दक्षिणेकडे 12 किलोमीटरपर्यंत जाते आणि पूर्व-पश्चिमेला साधारण 7 वरच थांबते. तिच्या बाहेर, पण 12 किलोमीटरच्या आत असलेल्यांना सरकारदप्तरी हिबाकुशा म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा शब्द आहे: ‘स्फोट अनुभवलेले’.